पुढच्याने टेकावे

आज मोटारीत बसून डुलक्या काढत आपण जो घाट तासाभरात चढून जातो, तो माणसे पायांनी चढत असत त्या काळातली ही गोष्ट. आमचे मास्तर शनिवारच्या शेवटच्या तासाला ती सांगत. तेव्हा आम्हाला ती गोणीच्या आणि घाटाच्या वर्णनासाठी आवडे. तिचा अर्थ कळायला मात्र स्वतःचे केस पांढरे व्हावे लागले.

त्या घाटाच्या माथ्यावर एक गाव होते आणि गावात एक वृद्ध पंडित राहत. सगळे त्यांना नुसते गुरुजी म्हणत. गुरुजी मराठीचा शब्दकोश रचत होते. अठरा वर्षे लोटली होती आणि काम कसेबसे ‘ट’ या अक्षरापर्यंत आले होते. पारावरचे टवाळ म्हणत, “गुरुजी शेवटच्या अक्षराला पोचतील तेव्हा आपली नातवंडं काठी टेकत चालत असतील.” गुरुजींच्या कानावर ते जाई आणि तेही हसत. हसायला आणि वाट पाहायला तेव्हा माणसांना सवड होती, एवढे मात्र खरे.

गुरुजींच्या हाताखाली लिहायला चारसहा मुले होती. त्यांत एक शिष्य होता. पंचविशीचा, बुद्धीने तल्लख आणि अंगाने काटक. त्याच्यात खोट काढावी तर एकच होती. आपण कधी थकत नाही याचा त्याला मोठा अभिमान होता, आणि जो थकतो त्याच्याविषयी मनात थोडी तुच्छताही होती. थकवा ही मनाची सबब आहे, असे तो उघड बोलून दाखवी. तरुणपणी आपण सगळेच असे काहीबाही बोलतो. लोक ऐकून घेतात, हा त्यांचा चांगुलपणा.

एके दिवशी गुरुजींनी त्याला ‘टेकणे’ हा शब्द लिहायला दिला. शिष्याने तो एका दुपारी उरकला. कागदावर त्याने लिहिले: “हात टेकणे म्हणजे निरुपाय कबूल करणे. गुडघे टेकणे म्हणजे शरण जाणे. जीव टेकीस येणे म्हणजे थकून बेजार होणे. माथा टेकणे म्हणजे थोरांपुढे लीन होणे.” आणि खाली आपल्या पदरचा शेरा मारला: “एकंदरीत पाहता हा दुर्बळांचा शब्द होय.”

गुरुजींनी कागद दोनदा वाचला.

“चूक काही नाही,” ते म्हणाले.

“मग ठेवू का बांधून?”

“नको. परवा घाटाखालून मीठ वर यायचं आहे. एक गोणी तू आण.”

“मी? मीठ?”

“हो. आणि डोक्यावरून आण. खांद्यावर घेऊ नकोस.”

शिष्य गोंधळला. शब्दाचा अर्थ लिहून द्यावा आणि गुरूने हमालीला पाठवावे, हा कुठला न्याय? गुरुजींचे आता वय झाले, असे मनाशी म्हणून तो निघाला. पण गेला. गुरूने सांगितले की आधी जायचे आणि कारण मागून विचारायचे, अशी तेव्हाची रीत होती.

घाटाच्या पायथ्याशी मीठवाल्यांचा तांडा जमला होता. शिष्य धरून सात माणसे होती. त्यांची म्होरकी तानूबाय नावाची चाळिशीची बाई होती. हाडापेराने अशी भक्कम की दोन गोण्या दिल्या असत्या तरी तिने नेल्या असत्या. तांड्यात सगळ्यांत म्हातारा होता धाकू. साठी ओलांडलेला, पोटऱ्या वाळलेल्या, पण बोलायला गोड. शिष्याच्या डोक्यावर फडक्याची चुंबळ नीट बसवून दिली ती धाकूनेच.

“मान ताठ ठेव, शास्त्रीबुवा,” तो म्हणाला. “ओझं मानंवर नाय, पायांवर घ्यायचं. माझं बघत चल.”

बोलता बोलता त्याने आपले दुःखही सांगून टाकले. वरच्या गावातल्या व्यापाऱ्याचा दंडक कडक होता. ज्याची गोणी वाटेत पडली, त्याला पुन्हा ओझे मिळत नसे. धाकूच्या घरात तो आणि त्याची आंधळी बहीण, दोघेच. “अजून दोन हंगाम निघालं तर बास,” तो म्हणाला. “पुढचं पुढं.”

तांडा चढू लागला. सर्वांत पुढे तानूबाय, तिच्यामागे शिष्य, त्याच्यामागे धाकू, आणि मग बाकीचे. घाटात ठिकठिकाणी छातीएवढ्या उंचीचे दोन दगड उभे करून त्यांवर आडवी शिळा टाकलेली असे. तिला टेकण म्हणत. डोक्यावरचे ओझे कुणाच्या मदतीशिवाय तिच्यावर सरकवता येई आणि निघताना तसेच परत डोक्यावर घेता येई. ओझे जमिनीवर ठेवले की एकट्याला उचलत नाही, म्हणून ही सोय. हे टेकण कुणी बांधले, कधी बांधले, कुणाला ठाऊक नव्हते. तेव्हा उपकार करणारे आपले नाव कोरून ठेवत नसत.

असे चार टेकण त्या घाटात होते. पहिला आला तशी तानूबायने गोणी शिळेवर सरकवली, कमरेवर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाली, “टेकले गं बाय मी! पाय राहिले नाहीत!”

शिष्याने तिच्याकडे पाहिले. तिच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. श्वास संथ चालला होता. मागून एकेकजण आला, एकेकाने आळीपाळीने ओझे शिळेवर ठेवले, पाणी प्याला आणि पुढे सरकला. दुसऱ्या टेकणाशी पुन्हा तेच झाले. “टेकले गं बाय! आता काय माझ्याच्यानं व्हत नाय!” आणि तिथेही ती टवटवीत होती. शिष्याला हसू आले. एवढी धट्टीकट्टी बाई आणि काय हे सोंग, असे त्याला वाटले.

दुसरा टेकण सोडल्यावर तानूबायच्या पायात काटा मोडला. ती बाजूला झाली आणि मागचे चौघे तिच्यापाशी थांबले.

“शास्त्रीबुवा, तू हो पुढं,” ती म्हणाली. “फकस्त टेकणापाशी थांब. इसरू नको.”

शिष्य पुढे झाला आणि धाकू त्याच्या मागोमाग निघाला. आता तो तांड्याचा म्होरक्या होता आणि ते त्याला आवडले. तिसरा टेकण आला. शिष्याने त्याच्याकडे पाहिले, मनात म्हणाला, मी काही थकलो नाही, आणि तो सरळ पुढे गेला. मागे धाकूची पावले क्षणभर थांबल्यासारखी त्याला वाटली. मग ती पुन्हा वाजू लागली. ऐकून शिष्याला आनंदच झाला. म्हाताऱ्यालाही आपल्यामुळे हुरूप आला, असे तो समजला.

तिसऱ्या आणि चौथ्या टेकणामधली चढण सगळ्या घाटात सर्वांत खडी होती. मध्ये एक ओढा आडवा जाई. शिष्य ओढा ओलांडून दहा पावले गेला असेल, तोच मागे धपकन आवाज झाला.

धाकूचे गुडघे दुमडले होते. गोणी ओढ्यात कलंडली होती, तिची शिवण उसवली होती आणि पाण्याबरोबर मीठ चालले होते. म्हातारा दोन्ही हातांनी ते अडवू पाहत होता. पाण्यातले मीठ कुठे हाताला लागते? शिष्याने आपली गोणी कशीतरी खाली टाकली, धावत येऊन धाकूची गोणी काठावर ओढली. निम्मी रिकामी झाली होती.

“बाबा, लागलं का?”

धाकूने मान हलवली. तो रडत होता. “गेलं रं माझं,” एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

“पण मग टेकणापाशी थांबला का नाहीत?”

“तू नाय थांबलास ना.” म्हाताऱ्याने बाहीने डोळे पुसले. “पोथ्या वाचणारा पोर न टेकता वर जातो, आन् जल्मभर मीठ व्हायलेला मी कसा टेकू? लाज वाटली रं.”

तोवर तानूबाय लंगडत आली. तिने सगळे एका नजरेत पाहिले. ती ओरडली असती तर शिष्याला बरे वाटले असते. ती ओरडली नाही. धाकूजवळ बसून तिने आधी त्याच्या तोंडाला पाणी लावले, मग शिष्याकडे वळली.

“मी दमते म्हनून टेकते, असं वाटलं व्हय तुला?”

शिष्याने गोणीची उसवलेली शिवण मुठीत धरली.

“पुढं चालणाऱ्याचं काम वाट दावायचं नसतं, पोरा. वाट बैलालाबी ठाऊक असते. पुढच्याचं काम टेकायचं. तो टेकला आन् टेकलो म्हनून बोलला, की मागचा बिनलाजेचा टेकतो. तो नाय टेकला, तर मागचा मरंल, पर टेकायचा नाय.”

एवढे बोलून ती उठली आणि धाकूची गोणी काट्याने टाचू लागली. तेव्हा शिष्याच्या ध्यानात आले की आपलेच पाय लटलट कापत आहेत. ते केव्हापासून कापत होते कोण जाणे. त्याने कधी त्यांना विचारलेच नव्हते.

धाकूने अर्धी गोणी घेतली. तांडा पुन्हा निघाला. म्होरकी काट्याने अधू झालेली, म्हणून शिष्यच पुढे होता. चौथा टेकण आला, तसे त्याने ओझे शिळेवर सरकवले. तोंडातून शब्द निघायला फार जड गेले. आयुष्यात ते त्याने कधी उच्चारले नव्हते. तरी तो मोठ्याने म्हणाला, “टेकलो मी.” मागून कुणीतरी सुस्कारा सोडला. तो कुणाचा, हे पाहायला शिष्याने मान वळवली नाही.

गावाची वेस दिसू लागली. तिथून सपाटी होती. शिष्य थांबला, त्याने धाकूची अर्धी गोणी आपल्या डोक्यावर घेतली आणि आपली भरलेली धाकूच्या डोक्यावर दिली. “एवढी शंभर पावलं न्या, बाबा,” तो म्हणाला. तानूबायने ते पाहिले आणि ती लंगडत चालू लागली.

बाजाराच्या दिवशीची गर्दी होती. व्यापाऱ्याने गोण्या पाहिल्या आणि शिष्यापाशी येऊन थबकला.

“हे काय? निम्मं मीठ कुठं गेलं?”

“ओढ्यात,” शिष्य म्हणाला. “चढणीला जीव टेकीस आला. गुडघे टेकले माझे. गोणी पडली.”

व्यापारी हसला आणि बाजार त्याच्याबरोबर हसला. “शास्त्रीबुवा, पोथी उचलणं निराळं आणि मीठ उचलणं निराळं! याला पुन्हा ओझं देऊ नका रे.” शिष्याने मान खाली घातली. एवढ्या माणसांत खाली मान घालण्याची त्याची ती पहिलीच वेळ. धाकू पलीकडे उभा होता. त्याच्या ओठांना काही म्हणायचे होते, पण तानूबायने त्याचा दंड घट्ट धरला होता. त्याचे दोन हंगाम वाचले.

शिष्य गुरुजींकडे आला तेव्हा दुपार झाली होती. त्याने घडलेले सगळे सांगितले. स्वतःची चूक सांगताना आडपडदा ठेवला नाही. गुरुजींनी तानूबायचे बोलणे पुन्हा एकदा सांगायला लावले, मग आणखी एकदा. शिष्याला वाटले, आता ते कोशात उतरवून घेतील. गुरुजींनी लेखणी उचलली आणि तशीच खाली ठेवली.

“तुला धडा मिळावा म्हणून पाठवलं,” ते सावकाश म्हणाले. “आणि धडा माझा निघाला. तू यायच्या आधी इथं एकजण होता. तुझ्याहून हुशार. अंगात ताप असला तरी लिहीत बसायचा. एके दिवशी न सांगता गावी निघून गेला. मी सगळ्यांना सांगितलं, कच्चा निघाला म्हणून.” ते थांबले. “अठरा वर्षांत मी तुम्हा मुलांसमोर एकदाही पाठ टेकली नाही रे. दुपारी डोळे मिटायचे, तरी ताठ बसून राहायचो. गुरूचा थकवा शिष्याला दिसू नये, असं वाटायचं. मग त्या पोरानं कुणाकडं बघून टेकायचं होतं?”

गुरूच्या डोळ्यांत पाणी पाहण्याची शिष्याला सवय नव्हती.

“त्याला पत्र धाडायचं आहे. तूच लिही,” गुरुजी म्हणाले. “लिही की चूक त्याची नव्हती. लिही की म्हातारा आता दुपारी आडवा होतो, आणि सगळ्यांना आडवं व्हायला सांगतो.”

शिष्याने पत्र लिहिले. ते संपेपर्यंत गुरुजी भिंतीला पाठ टेकून बसले होते. मग खरोखरच आडवे झाले आणि थोड्या वेळाने घोरू लागले. बाकीची मुले आधी एकमेकांकडे पाहत राहिली. मग एकाने हळूच पाय पसरले, आणि दुसऱ्याने.

पत्राला उत्तर आले नाही. दोन महिने गेले. गुरुजी रोज टपालाची वेळ झाली की दाराकडे पाहत आणि कुणी बघते आहे असे दिसले की मान फिरवत. एके दिवशी भर उन्हात दारात एक वाळलेला तरुण येऊन उभा राहिला. खांद्याला पडशी होती आणि चौकटीचा आधार घेऊन तो धापा टाकत होता. शिष्याने त्याला ओळखले नाही. गुरुजींनी ओळखले.

“गुरुजी,” तो म्हणाला, “फार चाललो. जरा टेकू का?”

गुरुजी आपल्या बैठकीवरून बाजूला सरकले आणि त्यांनी शेजारची जागा हाताने झटकून दिली.