साळूचं गोंदण

फार पूर्वी एका नदीच्या वळणावर एक गाव होतं. म्हणायला एक, पण आळ्या दोन. वरच्या आळीचे लोक डोंगरातून उतरून आलेले, खालच्या आळीचे होडीतून. वरच्यांच्या हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले असत, खालच्यांच्या मनगटावर मासा. वाटेत कुणी भेटलं की आधी गोंदण बघायचं आणि मग हसायचं की नाही ते ठरवायचं, अशी तिथली रीत.

त्या गावात साळू नावाची एक मुलगी होती. आई वरच्या आळीची, बाप खालच्या आळीचा. बाप होडी चालवायचा. तो वारला आणि आई तिला घेऊन वरच्या आळीत भावाकडं आली. साळू लहानपणापासून बापाशेजारी बसून वल्हं मारायला शिकलेली. बापामागं तीच होडी चालवू लागली. आईला डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. दिवसभर होडी चालवून साळूनं पीठ आणायचं, आणि आल्यावर आईच्या चुलीपुढं बसून भाकरी थापायची, असा त्या दोघींचा संसार.

गोंदण होईपर्यंत लेकरांना कुणी अडवत नसे. पण आता साळूचं गोंदणाचं वय झालं. खालच्या आळीचा नियम होता, ज्याच्या मनगटावर मासा, त्याच्याच हाती होडीचा दोर. वरच्या आळीचा नियम होता, जिच्या हनुवटीवर ठिपके, तिनंच आपल्या चुलीपुढं बसायचं. मासा घेतला तर आई सुटणार, ठिपके घेतले तर बापाची होडी.

आणि गावाची तऱ्हा बघा. साळूनं भर पुरातून नवरीचं वऱ्हाड सुखरूप पार नेलं, तेव्हा खालचे म्हणाले, "आमच्या रक्ताची आहे!" वरचे म्हणाले, "आमचं दूध प्यालीय!" पुढं एकदा दोर तुटून होडी भरकटली, तेव्हा खालच्यांनी वर बोट दाखवलं आणि वरच्यांनी खाली.

चैत्राची जत्रा आली, गोंदणारीण आली. मुलींसाठी घोंगडी अंथरली. तिथं अशी रीत होती की सगळ्यांत मोठ्या मुलीनं पहिल्यांदा बसायचं. ती गोंदून न घेताच उठली, तर त्या वर्षी कुणालाच सुई लावायची नाही. आणि गोंदण नाही तर लग्न नाही. त्या वर्षी सगळ्यांत मोठी होती साळू.

साळू घोंगडीवर बसली. खालच्या आळीचा म्होरक्या पुढं आला. "मासा काढा. माणसाला बापाचंच नाव लागतं."

वरच्या आळीची कारभारीण पदर खोचून आली. "आणि पोटात काय तुमच्या नदीनं वाढवलं तिला? ठिपके काढा."

"नाक बघा तिचं, आमचं आहे!"

"नाक घ्या तुम्ही, रंग आमचा आहे!"

"आणि माझी भूक कुणाची?" साळूनं विचारलं. पोरी फिदीफिदी हसल्या. म्हाताऱ्यांना हसू आलं नाही.

साळू गोंदणारणीकडं वळली. "मावशी, दोन्ही काढा."

"दोन्ही?" म्होरक्या म्हणाला. "म्हणजे धड ना इकडची, ना तिकडची."

"नाही काका. इकडचीही धड आणि तिकडचीही धड. आईची मी पुरती आहे आणि बापाचीही पुरती आहे. मी काय भोपळा आहे, मधून चिरायला?"

"असं कधी झालेलं नाही," कारभारीण म्हणाली.

"मग राहू द्या," साळू म्हणाली आणि उठली.

झालं! दोन्ही आळ्यांतल्या आया ओरडायला लागल्या. "अहो, माझ्या पोरीची सोयरीक झालीय!" "माझी काय घरात बसून राहणार?" म्होरक्याला घाम फुटला. तो घाईघाईनं म्हणाला, "बरं, ठिपके काढा तिला. आमचं काही म्हणणं नाही."

कारभारीण म्हणाली, "छे, छे! मासाच काढा. मोठं मन आहे आमचं."

साळूला आता खरा राग आला. "मघाशी दोघं मला ओढत होता, आता दोघं ढकलताय. मी कोण, हे सगळ्या गावानं मला सांगितलं. मला कुणी विचारलं?"

मग गोंदणारणीनं काजळाची वाटी जवळ ओढली आणि विचारलं, "बाई, तूच सांग. तू कोण?"

साळू परत घोंगडीवर बसली. तिनं हनुवटी वर केली आणि हात पुढं केला. सुया टोचताना तिनं डोळे मिटले नाहीत.

गोंदण झाल्यावर ती म्होरक्याला म्हणाली, "काका, मासा आहे. दोर द्या." कारभारणीला म्हणाली, "मावशी, ठिपके आहेत. चूल सोडायची नाही मी." दोघांचेच नियम, दोघांच्याच तोंडचे. शेवटी म्होरक्यानं दोर दिला आणि कारभारणीनं वाट सोडली.

पुढची मुलगी खालच्या आळीची. ती हळूच म्हणाली, "माझी आजी वरची होती. घरात तिचं नाव काढत नाहीत. मला एक ठिपका हवा." तिच्यामागची ठसक्यात म्हणाली, "मला मासाच हवा. आमच्यात सगळ्यांना मासाच आहे आणि मला तो आवडतो." साळू हसून म्हणाली, "घे की! मिरव चांगला." तिसरी म्हणाली, "मला काहीच नको, दुखतं." तिलाही कुणी धरून बसवलं नाही.

साळू घरी आली. आईनं बोटांनी तिची हनुवटी चाचपली, मग मनगट. त्या सुजलेल्या माशावर आईचं बोट बराच वेळ फिरत राहिलं. म्हणाली, "तुझ्या बापाचा मासा जरा जाडा होता गं." आणि मग तिनं चुलीपुढचा पाट साळूसाठी सरकवला.

साळूनं पुढं जन्मभर होडी चालवली. परक्या गावचा उतारू तिची हनुवटी बघायचा, मनगट बघायचा आणि गोंधळून विचारायचा, "बाई, तुम्ही नक्की कुणातल्या?"

साळू म्हणायची, "विचारलंत ते बरं केलंत. बसा. नदी रुंद आहे, सगळं सांगते."

तात्पर्य एवढंच: माणूस कोण आहे हे त्याच्या कातडीवरून, नाकावरून किंवा आपल्या सोयीनं ठरवू नये. त्यालाच विचारावं, आणि तो सांगेल ते पुरतं ऐकावं.