गोदूच्या तीन ओळी

मोरकंठी नावाचं एक गाव होतं. तिथं सकाळी आधी पोपट उठायचे आणि मग माणसं. त्या गावात आठ वर्षांची गोदू राहायची. तिच्याकडे दोन फ्रॉक होते, एक अंगावरचा आणि एक दोरीवरचा. घरात गोदू आणि तिचे बाबा, दोघंच. भाकरीबरोबर कधी भाजी असायची, कधी गुळाचा खडा, आणि कधी नुसत्या गप्पा. गप्पा मात्र रोज ताज्या असायच्या.

गोदूचे बाबा, नारबा, कचेरीबाहेर छोटंसं टेबल मांडून बसत आणि लोकांचे अर्ज, पत्रं लिहून देत. लहानपणी विहिरीच्या रहाटात त्यांचा उजवा अंगठा सापडला होता. तेव्हापासून तो वाकेना की त्याला जोर देता येईना. बॉलपेन दाबून लिहावं लागतं, ते त्यांना जमायचं नाही. पण त्यांच्याजवळ एक शाईचं पेन होतं, किरमिजी रंगाचं, इवल्याशा सोनेरी निबचं. कागदावर नुसतं टेकवलं की ते आपलं आपण धावायचं.

"मी नाही लिहीत गं, हेच लिहितं," बाबा म्हणायचे. "मी आपला सोबतीला जातो."

आणि त्या पेनाची गोदूनं वाट लावली.

हो, आपल्या गुणी गोदूनंच. शाळेत चित्रांच्या स्पर्धेत तिला काळ्या शाईची बाटली मिळाली होती. काय ती शाई! काळीभोर, चकचकीत, आत बघावं तर आपलंच नाक दिसावं. गोदूला वाटलं, बाबांच्या अक्षरांना अशी चकाकी आली तर कचेरीतले साहेब अर्ज वाचायला उठून उभे राहतील. शनिवारी दुपारी बाबांचा डोळा लागल्यावर तिनं ती शाई गुपचूप पेनात भरली. आता, चित्रकलेची शाई पेनात वाळली की तिचा दगड होतो हे कुठल्याही पेनवेड्या माणसाला ठाऊक असतं. पण गोदूला ते सांगणार कोण?

रविवारी सकाळी पेन मुकं झालं. गोदूनं ते झटकलं, फुंकलं, सुईनं टोचलं, शेवटी हात जोडून विनवलंसुद्धा. पेन ढिम्म. सोमवारी कचेरी उघडणार होती. पेन नाही तर अर्ज नाहीत आणि अर्ज नाहीत तर भाकरीही नाही. बाबांना सांगायचा धीर तिला होईना. न्याहारीचा गुळाचा खडा मुठीत आणि पेन खिशात घेऊन ती पाचूबागेत पळाली.

पाचूबाग म्हणजे हिरव्या रंगाची खाणच. पोपटी पानं, शेवाळी पायऱ्या, बकुळीची बारीक बारीक चांदणफुलं, आणि मधोमध छोटंसं तळं. तळ्यात गुलाबी कमळं आणि त्यांच्या पानांवर टपोरे, चमचमते थेंब. गोदू काठावर बसली आणि पेन पाण्यात बुडवून हलवू लागली. निबमधून काळ्या शाईचा एक धागा निघाला आणि वळवळत एका कमळाच्या पानाकडे गेला.

"ईईई! माझी आंघोळ!" पानावरून कुणीतरी किंचाळलं.

पानावरच्या पाण्यात बोटाएवढी एक परी उभी होती. तिचे पंख फिकट निळे, केस मोरपंखी, कपाळावर चंदेरी टिकली. आणि डाव्या पंखावर भलामोठा काळा डाग.

"आठवड्यातून एकदा आंघोळ करते मी, आणि त्यात तू शाई ओततेस?" परी म्हणाली.

गोदू फार ओशाळली. तिनं ओंजळीत स्वच्छ पाणी आणलं, फ्रॉकची कोरडी कड ओली केली आणि परीचे पंख हलक्या हातानं पुसले. डाग काही पुरता गेला नाही. मग तिनं गुळाचा खडा परीसमोर ठेवला. परीनं तो आधी चाटला, मग कुरतडला, मग सबंध संपवला आणि बोटं चोखत विचारलं, "तुझ्यासाठी ठेवायचा होता का?"

"असू दे," गोदू म्हणाली. तिच्या पोटानं मात्र मोठ्यानं गुरगुर केली.

परीला त्या गुरगुरीची दया आली. "मी टिपकुली. शाईची परी. तू मला पुसलंस, स्वतःची न्याहारी दिलीस. म्हणून तुला तीन इच्छा. पण नियम ऐक. इच्छा तोंडानं सांगायची नाही, शाईच्या पेनानं लिहायची. एका इच्छेला एकच ओळ. खाडाखोड केलीस तर ती फुकट गेली. आणि ज्याचं पेन, फळ त्यालाच. दुसऱ्याच्या पेनानं स्वतःसाठी काही मागितलंस तर कागद नुसता शिंकेल. कुणाकडे पेन कायमचं मागायचं नाही, कुणाला हे नियम सांगायचे नाहीत, आणि हे सगळं करायचं ते ऊन डोक्यावर यायच्या आत."

"इतके नियम?"

"नियम नको असतील तर फुलपाखराशी मैत्री कर."

गोदूनं खिशातल्या बंद पेनाकडे पाहिलं. लिहायचं शाईच्या पेनानं, आणि तिच्याजवळचं एकुलतं एक पेन दगड झालेलं. ते सुरू व्हायला इच्छा हवी आणि इच्छेला सुरू पेन हवं. तिला रडूच कोसळणार होतं, तेवढ्यात बकुळीखालून हसण्याचे आवाज आले.

दर रविवारी सकाळी बकुळीखाली मोरकंठीच्या पेनवेड्यांची पंगत बसायची. पांढरीशुभ्र चादर अंथरायची, तिच्यावर ताटं मांडावीत तशी पेनं मांडायची. हिरवी, पिवळी, शेंदरी, मधाच्या रंगाची. मग ज्यानं त्यानं आपलं पेन शेजारच्याला द्यायचं, शेजाऱ्यानं एक ओळ लिहायची आणि डोळे मिटून "वा" म्हणायचं. गंमत अशी की इतकी सुंदर पेनं असून लिहायला कुणाकडेच काही नसायचं. सगळे आपापलं नाव लिहायचे. वर्षानुवर्षं. नावं अगदी झुळझुळीत झाली होती.

"ये बाळ, बस," म्हातारे दाजी म्हणाले. ते पूर्वी पोस्टमास्तर होते. त्यांचं लाडकं हिरवं पेन इतकं गळायचं की त्यांच्या एकूण एक सदऱ्यांच्या खिशांवर निळे नकाशे उमटलेले होते. "लिही एक ओळ. हे घे. जरा गळतं, पण मनानं फार चांगलं आहे."

टिपकुली गोदूच्या खांद्यावर बसली होती. पंगतीला ती फुलपाखरूच वाटली.

गोदूनं दाजींच्या निळ्या बोटांकडे पाहिलं. आपलं काम होणार नसेल तर निदान यांचं तरी होऊ दे, असं तिला मनापासून वाटलं. तिनं जपून लिहिलं, 'दाजींचं पेन कधीही गळू नये.'

अक्षरं लखलखली. दाजींच्या खिशावरचा निळा डाग फडफडला, त्याची चिमुकली निळी फुलपाखरं झाली आणि भुर्रकन उडून गेली. मागे उरला कोरा करकरीत सदरा. दाजींनी पेन उलटं धरलं, हलवलं, कानाशी लावलं. थेंब नाही.

"आता बायको मला ओळखेल का?" दाजी काळजीनं म्हणाले.

शेजारी दुर्गाताई होत्या. त्या दातांच्या डॉक्टर, पण दातांपेक्षा निबांवर त्यांचा जीव जास्त. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी चार शाया मिसळून एक जांभळा रंग केला होता, पिकल्या जांभळासारखा, आणि प्रमाण लिहून ठेवायला विसरल्या होत्या. तेव्हापासून त्या रोज मिसळत होत्या आणि रोज गाळच होत होता.

"माझ्या पेनानं लिही गं," त्या म्हणाल्या. "यात कालचा गाळ आहे, पण चालतो."

गोदूनं लिहिलं, 'दुर्गाताईंना त्यांचा जांभळा रंग परत मिळू दे.' त्यांच्या पुढ्यातली बाटली गुडगुड करू लागली आणि आतला चिखल जांभळा, टवटवीत, झळझळीत झाला. दुर्गाताई आनंदानं रडल्या आणि डोळे पुसताना दोन्ही गाल जांभळे करून बसल्या.

हे सगळं पाहून चादरीच्या टोकाला बसलेले भाऊसाहेब सरकत सरकत पुढे आले. त्यांच्याकडे मखमली पेटीत साठ पेनं होती, साठांपैकी एकातही कधी शाई भरलेली नव्हती. खराब होतील म्हणून. पंगतीत ते पेटी उघडून दाखवायचे आणि कुणी हात पुढे केला की झाकण लावायचे.

"मुली, माझ्याही पेनानं लिही," ते म्हणाले. "लिही की भाऊसाहेबांना एकसष्टावं पेन मिळू दे."

टिपकुलीनं गोदूचा कान चिमटला. "शेवटची आहे हं."

"माझ्याकडे चालणारं पेन नाही," गोदू हळूच कुजबुजली. "फुकट जाण्यापेक्षा यांना मिळू दे. किती आशेनं बघतायत."

पण कोरड्या पेनानं लिहिणार कसं? भाऊसाहेबांनी जिवावर उदार होऊन मधाच्या रंगाचं एक पेन निवडलं. दाजींनी शाईची बाटली पुढे केली. शाई भरताना बोटाला लागली तेव्हा त्यांनी डोळेच मिटून घेतले.

"नीट चालतं का ते आधी बघतो," ते म्हणाले आणि कागदावर त्यांनी आपलं नाव लिहिलं. मग परत लिहिलं. मग बायकोचं लिहिलं, मुलांची लिहिली, गाईचं आणि शेजाऱ्याच्या बोक्याचंही लिहिलं. निब लोण्यातून फिरावी तशी फिरत होती.

"अरेच्चा," भाऊसाहेब म्हणाले. "हे असं असतं होय? इतकी वर्षं मी हे पेटीत कोंडून ठेवलं?"

ते गोदूला पेन द्यायला वळले, तेव्हा त्यांना तिच्या खिशातून डोकावणारं किरमिजी पेन दिसलं.

"तुझं पेन आहे की. त्यानं का नाही लिहीत?"

मग मात्र गोदूला राहवलं नाही. नियम तिनं सांगितले नाहीत, पण बाबा, अंगठा, काळी शाई, सोमवार, सगळं सांगितलं. दुर्गाताईंनी किरमिजी पेन हातात घेऊन दाढ तपासावी तसं तपासलं. "निघेल ही शाई," त्या म्हणाल्या. "पण आठवडा लागेल."

भाऊसाहेबांनी त्या बंद पेनाकडे पाहिलं, मग आपल्या पेटीकडे. मग त्यांच्या उजव्या हातानं मधाच्या रंगाचं पेन गोदूपुढे धरलं. डावा हात ते मागे ओढत होता. दोन हातांची जरा झटापट झाली आणि उजवा जिंकला.

"घे," भाऊसाहेब म्हणाले. "परत द्यायचं नाही. तुझंच आता. मला अजून एकोणसाठ उघडायची आहेत."

टिपकुलीनं हवेत तीन कोलांट्या घेतल्या. "आता पेन तुझं आणि इच्छा तुझी! लिही पटकन, 'किरमिजी पेन सुरू होऊ दे.' तुझी चूक पुसली जाईल. बाबांना कधी कळणारसुद्धा नाही."

गोदूनं पेन उघडलं. निब कागदाजवळ नेली आणि थांबली.

"टिपकुली, बाबांचा अंगठा बरा करायचा असेल तर?"

"तर पेन त्यांचं हवं. ज्याचं पेन, फळ त्यालाच."

गोदूनं टोपण लावलं आणि ती धावत सुटली. मागे बिनडागांचे दाजी, जांभळ्या गालांच्या दुर्गाताई आणि पेटी छातीशी धरलेले भाऊसाहेब, सगळे धावले. कशासाठी धावतोय हे त्यांना कुणालाच माहीत नव्हतं. ऊन डोक्यावर यायला थोडाच वेळ उरला होता.

बाबा अंगणात कपडे वाळत घालत होते.

"बाबा," गोदू धापा टाकत म्हणाली, "हे पेन घ्या. हे तुमचं. अगदी कायमचं. आणि तुमच्या किरमिजी पेनात मी चित्रकलेची शाई भरली. ते बंद पडलंय. मी सकाळपासून तुमच्यापासून लपवलं."

बाबांनी ओला सदरा दोरीवर टाकला. पाहुण्यांकडे पाहिलं, मग गोदूकडे.

"फार काळी होती का गं ती शाई?" त्यांनी विचारलं.

"फार. चकचकीत."

"मग मीसुद्धा भरली असती," बाबा म्हणाले आणि त्यांनी तिला जवळ घेतलं. गोदू तेव्हा कुठे पोटभर रडली.

पण रडायला वेळ नव्हता. "बाबा, तुमचं पेन मला एक ओळ लिहायला देता?" तिनं विचारलं. बाबांनी दिलं. ते पेन घडीभरच तिचं होतं, बागेपासून अंगणापर्यंत. पाटीवर कागद ठेवून, जीभ दातांत धरून, एकही खाडाखोड न करता तिनं लिहिलं, 'बाबांचा अंगठा बरा होऊ दे.'

शाई सोनेरी झाली. बाबांच्या अंगठ्यात बारीकसं 'कट्' वाजलं. त्यांनी तो वाकवला. सरळ केला. परत वाकवला. मग लहानपणानंतर पहिल्यांदाच त्यांनी चुटकी वाजवली. आवाज इतका खणखणीत आला की दाजी दचकले. बाबा अंगणभर चुटक्या वाजवत फिरले. हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

टिपकुली उन्हात उंच झेपावली. "गोड मुलगी आहेस," तिचा आवाज आला. "फक्त माझ्या आंघोळीच्या दिवशी तळ्यावर येत जाऊ नकोस." मग निळा, जांभळा, सोनेरी, पोपटी असा लख्ख प्रकाश अंगणात सांडला, सगळ्यांचे डोळे दिपले, आणि उघडले तेव्हा परी नव्हती.

सोमवारी बाबांनी मधाच्या रंगाच्या पेनानं दुप्पट अर्ज लिहिले. लिहायला काहीतरी मिळेल म्हणून पंगतीतले तिघंही टेबलाशी येऊन बसले आणि लोकांची पत्रं लिहू लागले. भाऊसाहेब तर पाच पेनं घेऊन आले होते. घरी गोदूच्या भाकरीबरोबर भाजीही होती आणि गूळही होता.

आठव्या दिवशी दुर्गाताईंनी किरमिजी पेन आणून दिलं. दाताच्या मुळाची सफाई करतात तशी त्याची सफाई झाली होती. बाबांनी ते लिहून पाहिलं. झकास चाललं. मग त्यांनी ते गोदूच्या हातात ठेवलं.

"हे आता तुझं," बाबा म्हणाले. "नियम एकच. शाई मी भरणार."