तिजोरीच्या वजनाचे शहाणे

"तिजोरी माडीवर गेली पाहिजे! दिवस मावळायच्या आत, माझ्या पलंगाच्या उशाशी! नाहीतर सुभाना, उद्या तुझं बिऱ्हाड वेशीबाहेर!"

खैरापूरचे जहागीरदार मानाजीराव एवढं बोलून झोपाळ्यावर बसले आणि विषय संपला. निदान त्यांच्यापुरता. अंगणात नवीकोरी लोखंडी तिजोरी उभी होती. म्हशीएवढी रुंद आणि म्हशीपेक्षा हट्टी!

हमालांचा मुकादम सुभाना हात जोडून म्हणाला, "सरकार, जिना मी कसाबसा चढवीन. पण वरची जमीन लाकडी. तुळया पेलायच्या नाहीत. तिजोरी खाली येईल, आणि एकटी येणार नाही."

"पेलायच्या नाहीत?" सरकारांनी मागे पाहिलं. "काय हो, पेलतील ना?"

मागे सरकारांची सल्लागार मंडळी बसली होती. सगळी साठीच्या पुढची. सरकारांना 'नाही' म्हटल्याचं त्यांतल्या एकालाही आठवत नव्हतं.

"अलबत पेलतील!" कारभारी म्हणाले. "सागवान आहे, सागवान!"

"हत्ती नाचवा वर!" मामासाहेबांनी भर घातली.

"शास्त्रात आधार आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. कोणत्या शास्त्रात, ते काही सांगितलं नाही.

जिन्यावर ओझं चढवताना सगळ्यात खालच्या पायरीवर मुकादमानं राहायचं, हा हमालांचा रिवाज. तिजोरी सुटली तर पहिला चिरडणार तो! सुभानानं मुंडासं सोडून कमरेला आवळलं आणि दोर उचलला.

बापाची भाकरी घेऊन आलेली सुभानाची लेक हौसा हे सगळं ऐकत होती. मोठी माणसं बोलत असताना गप्प बसायचं असतं, हे तिला पुष्कळांनी शिकवून पाहिलं होतं.

"बाबा, ठेव तो दोर खाली!" ती पुढे आली. "सरकार, तिजोरी चढवू की! पण आधी जमीन जोखून बघायला नको?"

"ती कशी जोखायची?"

"तिजोरीच्या वजनाइतकी माणसं वर नेऊन उभी करायची. तिजोरी ठेवायची त्याच जागी, दाटीवाटीनं. जमीन टिकली की तिजोरी वर!"

"मग कर उभे तुझे हमाल!"

"हमाल काय कामाचे, सरकार? भाकरी-चटणीवर वाळलेली माणसं ती. सगळे मिळून तिजोरीच्या दाराएवढे भरायचे नाहीत. चांगली खाऊनपिऊन असलेली माणसं पाहिजेत." हौसानं मंडळींकडे एकेक करून पाहिलं. "आणि तुळयांवर भरवसा असलेली."

सरकारांना हे पटलं. "बरोबर! चला, उठा सगळे!"

मंडळी उठली, पण नुसती उठली. पाय कुणाचा हलेना.

"माझा आज उपास आहे," शास्त्रीबुवा म्हणाले.

"मग तुम्ही मागच्या रांगेत," हौसा म्हणाली.

"मला उंचावर घेरी येते," मामासाहेब म्हणाले.

"मामा, परवा गच्चीवर पतंग उडवत होतात!" सरकार ओरडले.

"खाली कुणीतरी लक्ष ठेवायला हवं ना..." कारभारी पुटपुटले.

"मी आहे की! तुम्ही निश्चिंत जा," हौसा म्हणाली.

हौसानं वर जाऊन पलंगाच्या उशाशी कोळशानं चौकोन आखला. "चौकोनाबाहेर पाय नको हं, आजोबा!" असं बजावून ती खाली आली आणि सरकारांबरोबर दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभी राहिली. दोघांची नजर छताकडे.

पहिले चौघे उभे राहिले. काही झालं नाही. पाचवे मामासाहेब. त्यांनी चौकोनात पाय ठेवला मात्र...

कर्रर्रर्र!

छतातून भसाभसा माती पडली, थेट सरकारांच्या मिशीवर!

"पेलत नाही! पेलत नाही!" वरून कारभाऱ्यांचा आवाज आला.

"अहो, सागवान आहे!" हौसा खालून ओरडली.

"कुणी सांगितलं सागवान? आंबा आहे, आंबा!"

पुढच्याच क्षणी सगळं शहाणपण जिन्यावरून गडगडत खाली आलं. घेरी येणारे मामासाहेब सर्वांच्या पुढे होते.

"सरकार, अजून तिजोरीचं निम्मं वजनही झालं नव्हतं," हौसा म्हणाली.

सुभानानं सुटकेचा श्वास सोडला. पण सरकारांनी मिशीवरची माती झटकली आणि पुन्हा तेच! "ते मला काही ठाऊक नाही! शब्द दिला तो दिला!"

"सरकार, खरं सांगा. तुम्हाला माडी पाहिजे, की उशाशी तिजोरी पाहिजे?"

"उशाशी तिजोरी! रात्री हात लांब केला की कडी हाताला लागली पाहिजे. त्याशिवाय झोप कशी लागणार?"

"एवढंच ना? मग जरा बागेत फिरून या."

सरकार गेले. हौसानं कामाला सुरुवात केली. उंबऱ्यावर फळ्यांचा उतार झाला. तिजोरीखाली बाभळीचे गोल ओंडके गेले. मागून पहारी लागल्या, पुढून दोर लागले. ना कुणी तिच्याखाली, ना कुणाच्या डोक्यावर ओझं. डुलत डुलत तिजोरी तळमजल्यावरच्या फरशीच्या खोलीत जाऊन बसली. सुभानाची दहाही बोटं शाबूत होती.

"आता राहिला पलंग," हौसा सल्लागार मंडळींकडे वळून म्हणाली. "हमाल दमलेत. आजोबा, तुम्ही मोकळेच आहात ना?"

दिवस कलता सरकार परतले. पाहतात तर खालच्या खोलीत पलंग, पलंगावर गादी, उशाशी तिजोरी! एका कोपऱ्यात कारभारी हातात पिकदाणी घेऊन उभे.

"हे काय?"

"निजून बघा, सरकार."

सरकार आडवे झाले. हात लांब केला. कडी बरोब्बर हातात आली! तरीही ते गुरगुरले, "पण मी खाली का म्हणून झोपू?"

"तिजोरीला वर चल म्हणून सांगितलं, ती बधेना. पलंग मात्र लगेच खाली आला. तोच काय तो समजूतदार निघाला."

"आणि मी हट्टच धरला असता तर? तिजोरी माडीवरच, असं म्हणालो असतो तर?"

"तरी तुम्ही खालीच झोपला असता, सरकार! पलंगासकट, तिजोरीसकट! तुळयांनीच आणून ठेवलं असतं, आणि हमालीसुद्धा मागितली नसती!"

सरकार हसले. असे हसले, की पलंग हलायला लागला आणि कारभाऱ्यांच्या हातातली पिकदाणी खणखणली.

त्याच संध्याकाळी सुभानाला खिल्लारी बैलजोडी आणि कोरी गाडी मिळाली. हौसाला मिळाला पैठणचा शेला. तो तिच्या खांद्यावर घालायला सरकारांनी मामासाहेबांना उठवलं, तर ते आधी दचकून छताकडेच बघायला लागले! सरकारांना पुन्हा हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना.