येळवशीचं मडकं

मांजरा नदीच्या काठी साकोळवाडी नावाचं गाव. गावाबाहेर लिंबाखाली निंबगीर महाराजांचा मठ होता. उतारवयात पाय अधू झाल्यामुळे महाराज मठाचा ओटा सोडून कुठेही जात नसत.

वेळ अमावस्येला, म्हणजे त्या मुलखातल्या येळवशीला, सारा गाव शेतात जेवायचा. हरभऱ्याला घाटे धरलेले, तुरीच्या शेंगा भरलेल्या! कडब्याची कोपी, म्हणजे छोटंसं खोपटं, उभारायची, ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेली थंडगार आंबील असा बेत. बांधावर येईल त्याला जेवू घालायचं, ही रीत.

सगुणाबाईचा धनी त्याच साली वारला होता. तरी तिने एकटीने कोपी उभारली आणि आंबिलीचं एकुलतं एक मडकं डोक्यावर घेऊन निघाली. वेशीत शेजारच्या शेताचे मालक व्यंकट पाटील भेटले आणि हसले.

"सगुणे, चार मान्सं आली तर मडकं पालथं पडंल. येळवस झेपत न्हाई, तिथं शेत काय झेपतंय? मला बटईनं, अर्ध्या वाट्यानं कसायला देऊन टाक."

सगुणाबाईला ते फार लागलं. "एक जरी मानूस माज्या कोपीतून उपाशी वापस गेलं, तर शेत तुमचं," ती बोलून गेली.

बोलली खरी, पण मडकं तर एकच होतं. पुढे मठ लागला, तिथे तिने मडकं उतरवलं. महाराजांनी त्यावर हात ठेवला.

महाराज म्हणाले, "बाई, मडक्यात डोकावू नकोस. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघ आणि वाढत राहा."

इकडे पाटलांनी थाटासाठी मडकी सोडून पितळेच्या हंड्यात आंबील आंबवली होती. हंड्याची कल्हई कधीच उडालेली! भर दुपारी पंगत बसली, पहिला घोट घेतला आणि पाहुण्यांनी तोंडं वाकडी केली. आंबील पार कळकली होती. आता आंबिलीवाचून येळवस कसली? पाच गावचे पाहुणे उठले आणि सगुणाबाईच्या बांधावर आले.

मदतीला आलेली जाऊ कानाशी लागली, "बांधावरच संपली म्हन की गं! कोपीत बसवलंस आन पुरली न्हाई, तर शेत जाईल."

"हाय तवर न्हाई म्हननार न्हाई," सगुणाबाई म्हणाली. पदर खोचला आणि वाटी बुडवली. नजर तिने मडक्याकडे वळू दिली नाही. एक पंगत उठली, दुसरी बसली. म्हातारे तृप्त होऊन मिशा पुसत होते, पोरं पुन्हा वाटी पुढे करत होती. ती वाढतच राहिली.

ऊन कलल्यावर बांधावर एकटे पाटील उरले, उपाशी आणि खाली मान घातलेले.

"या की दादा, तुमी ऱ्हायलाव," ती म्हणाली.

पाटील बसले, प्याले आणि न राहवून मडक्यात डोकावले. आंबील गळ्यापर्यंत होती, सकाळी होती तेवढीच!

सगुणाबाई महाराजांचा नैवेद्य घेऊन मठाकडे निघाली. पाटीलही मागून गेले. महाराज ओट्यावरच बसले होते. दिवसभर मठात कुणी आंबील आणली नव्हती, तरी त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत आंबिलीने माखलेला होता!

"पाटला, जरा पाणी घाल हातावर," महाराज म्हणाले. "लेकीकडं पाहुणे लई होते आज. वाढून वाढून हात भरून आला."

पाटलांच्या डोळ्यांना धार लागली. तांब्या तसाच हातात धरून त्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग उठले, वळले आणि सगुणाबाईपुढेही वाकले.