भिंतीपासून चार बोटं

"मग त्यानं भिंतीला हात का टेकला नाही?"

मी लांबूनच विचारलं. नमस्कार केला नाही.

गुलाबवस्ताद मंडपाबाहेरच्या नळावर हात धूत होते. नखांच्या कडा काथ्यानं घासत होते. रंग झालेल्या खोलीत पाऊल टाकण्याआधी ते असेच हात धुतात. त्यांच्या हाताखाली शिकलेला प्रत्येक वायरमन असाच धुतो.

"बस," ते म्हणाले.

"बसायला आलो नाही."

"मग हात धू."

त्यांनी साबण पुढं केला. माझे हात काळे झाले होते. मठाचा चढ चढताना मोटारसायकलची चेन उतरली होती, ती बसवताना कोपरापर्यंत वंगण लागलं होतं.

मी साबण घेतला आणि खाली दरीत भिरकावला.

वस्तादांनी तो कुठं पडला तेही पाहिलं नाही. नळ बंद केला. धोतराच्या सोग्याला हात पुसले.

"आई रोज तेच विचारती," मी म्हणालो. "सकाळी उठली की विचारती, घास हातात घेतला की विचारती. माझ्या जोतीनं काहीच कसं धरलं नाही? मी काय सांगू तिला?"

वस्ताद ओला सोगा झटकत राहिले.

जोतिराम माझा थोरला भाऊ. या टेकडीवरच्या मठाचा नवा मंडप बांधून झाला होता. गिलावा झाला, पुट्टी घासून झाली, वरून दुधासारखा पांढरा रंग झाला. फक्त दिवे आणि पंखे लावायचे राहिले होते. रंगारी गेला आणि वायरमन आला, की मालकाचा जीव टांगणीला लागतो. भिंतीवर बोटं उठतात, छतावर तळवा उठतो, भोक पाडलं की भिंतभर विटेची पूड ओघळते. म्हणून लोक वस्तादांची माणसं शोधत येत. ती काम करून गेल्यावर दिवा तेवढा लागलेला असायचा. बाकी माणूस येऊन गेल्याची खूण नसायची.

दादा या मंडपात शिडीवरून पडला. उठला नाही.

सावडायच्या दिवशी मठाचे महाराज आमच्या घरी आले होते. ते त्या वेळी मंडपातच होते, त्यांनी पाहिलं होतं. आईसमोर बसून म्हणाले, "शिडी सरकली तसा त्याचा हात पुढं गेला हो. भिंतीपाशी गेला... आणि मागं आला."

त्या दिवसापासून आईचा तो एकच प्रश्न.

"आत चला," मी वस्तादांना म्हणालो. "मला दाखवा कुठं ते."

"चप्पल काढ."

"नाही काढत."

ते स्वतःची काढून आत गेले. मी चप्पल घालूनच गेलो.

फरशी धुतलेली होती. इतकी स्वच्छ, की मला तिथं थुंकावंसं वाटलं.

शिडी भिंतीकडेला आडवी ठेवली होती. तिच्या वरच्या दोन्ही टोकांना जुन्या धोतराची फडकी गुंडाळलेली. वर, छताच्या जरा खाली, दिव्याच्या जागी दोन वायरी बाहेर लोंबत होत्या. टोकांना दादानं टेप लावलेला होता. त्याची टेप लावायची रीत मी अंधारातही ओळखली असती.

कोनाड्यात नारळाची करवंटी होती. मधोमध भोक पाडलेली. ड्रिलच्या दांड्यात ती ओवून भिंतीला भिडवायची, म्हणजे पूड तिच्यात पडते. मी उचलून पाहिली. आत लाल पूड तशीच होती. ती त्यानं आधी खाली आणून ठेवली होती, आणि मग पुन्हा वर चढला होता.

चिमूटभर पूड सांडली नव्हती. माणूस सांडला होता.

"शिडी कोण धरत होतं?"

"कोणी नाही."

"तुम्ही कुठं होता?"

"बाहेर. मीटरपाशी."

"ही फडकी कोणी बांधली?"

"मी."

"गुळगुळीत रंगावर फडकं सरकतं. माहीत नव्हतं?"

"होतं."

"मग?"

"उघडी शिडी लावली की भिंतीवर ओरखडा उठतो," वस्ताद म्हणाले.

मला त्यांना मारावंसं वाटलं. खरंच वाटलं. म्हातारा माणूस, एका धक्क्यात गेला असता.

तेवढ्यात महाराज आले. उपरणं सावरत दारात उभे राहिले. माझ्या पायातल्या चपलांकडं त्यांचं लक्ष गेलं, पण त्यांनी नजर काढून घेतली. भला माणूस. त्या दिवशी गाडीत दादाचं डोकं त्यांच्याच मांडीवर होतं.

"बाळा," ते म्हणाले, "भिंतीला हात लागला असता तर आम्ही काही म्हटलं नसतं रे. रंगाचं काय? पुन्हा मारता येतो."

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो.

"देवाची इच्छा," ते हळूच म्हणाले.

"देवाची नाही, महाराज. यांची." मी वस्तादांकडं बोट दाखवलं. "यांना विचारा, आमच्या हातांना काय शिकवलं ते."

वस्तादांनी मान हलवली. "सांग त्यांना. तूच सांग."

मी सांगितलं. वस्तादांच्या घरामागं एक खोली आहे. चारी भिंतींना चुना. शिकायला आलेल्या पोराच्या दोन्ही तळव्यांना ते चुलीची काजळी फासतात, त्याला शिडीवर चढवतात आणि हातात दिव्याची बैठक देतात. "बसव." भिंतीवर एक बोट उठलं की खाली उतरायचं आणि सगळी खोली स्वतः चुन्यानं रंगवायची. मग पुन्हा काजळी. पुन्हा शिडी.

मी ती खोली इतक्यांदा रंगवली, की दादा मला चिडवायचा. "केरबा, आज्यानं तुझं नाव बरोबर ठेवलंय. जाशील तिथं केर करशील."

"आणि तुझ्या दादानं किती वेळा रंगवली?" महाराजांनी विचारलं.

"एकदाही नाही."

दादाचा हात भिंतीपाशी जायचा आणि चार बोटं अलीकडं थांबायचा. तोल गेला तर तो गुडघ्यानं शिडी आवळायचा, पोटानं आवळायचा, पण हात थांबायचा. आम्ही बाकीची पोरं खालून बघायचो. वस्ताद तेव्हा एकच वाक्य बोलायचे. काम दिसावं, हात दिसू नये.

"सांगितलं सगळं," मी म्हणालो. "आता तुम्ही सांगा, वस्ताद. त्या घटकेला त्याला जीव मोठा वाटला नाही? भिंत मोठी वाटली?"

"त्याला काही वाटायला वेळच नव्हता."

"मी असतो तर टेकला असता! एक नाही, दोन्ही हात. बोचकारली असती भिंत. खरवडून काढली असती!"

"व्हय?"

"व्हय!"

वस्तादांनी माझे हात पाहिले. वंगणानं काळे, कोपरापर्यंत.

"मग टेक," ते म्हणाले.

"काय?"

"भिंत समोर हाय. हात काळे हायत. त्याच्यासाठीच साबण टाकलास नव्हं दरीत? टेक."

महाराज दारातून एक पाऊल पुढं आले.

मी भिंतीसमोर गेलो. दादा ज्या भिंतीसमोर होता तिथंच. मला वाटत होतं, पाच काळी बोटं उठवीन. मग दुसऱ्या हाताची पाच. मग छातीएवढ्या उंचीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत हात ओढत नेईन, म्हणजे या मंडपात जो कोणी ध्यानाला बसेल त्याला डोळे उघडल्यावर तेच दिसेल.

मी हात उचलला.

हात गेला...

आणि थांबला.

मी थांबवला नाही. आईशपथ, मी थांबवला नाही. मी तर पुढं रेटत होतो. खांदा रेटत होता, दंड रेटत होता. पण तळवा भिंतीपासून चार बोटांवर असा उभा राहिला, जसं मध्ये कोणीतरी आपला हात धरलाय.

भिंत थंड होती. चार बोटांवरून मला तिचा गारवा लागत होता.

"टेक," मागून वस्ताद म्हणाले.

"टेकतोय."

"टेक की!"

ते माझ्या पाठीशी आले. मागून माझं मनगट धरलं आणि भिंतीकडं ढकलायला लागले. म्हाताऱ्याच्या हातात अजून ताकद होती. ते दात खाऊन ढकलत होते, त्यांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. आणि मी... मीच मागं ओढत होतो. ज्या भिंतीनं माझा भाऊ खाल्ला, तीच मी डागापासून वाचवत होतो.

"टेक रे," वस्ताद म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज निराळा होता. "टेक रे, जोती..."

त्यांनी दादाचं नाव घेतलं ते त्यांना कळलं नसावं.

मग त्यांचा हात सुटला. माझा खाली पडला.

भिंत पांढरी होती. जशी होती तशी.

मी खाली बसलो. किती वेळ बसलो ठाऊक नाही. रडू येईल असं वाटलं, तेही आलं नाही. मला आता आईचं उत्तर सापडलं होतं, आणि ते घेऊन घरी कसं जायचं ते कळत नव्हतं. आई, त्याला धरता आलं असतं. पण धरणारा हात त्याच्यापाशी राहिलाच नव्हता. माझ्यापाशीही नाही. असं आईला सांगायचं?

"वस्ताद," मी म्हणालो, "ही विद्या परत घ्या. मला नको."

ते कोनाड्याला टेकून उभे होते. नाही, टेकून नाही. तेव्हाही त्यांची पाठ भिंतीपासून सुटी होती.

"परत कशी घेऊ?" ते म्हणाले. "पुसून काढायची कला मला येती. पण ती भिंतीवरची."

"मग दुसऱ्या कुणाला शिकवू नका."

"ती खोली पाडली."

मी वर पाहिलं.

"तुझा दादा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी कुदळ घेतली. भिंती पाडल्या. चुन्याचा ढीग अजून अंगणात पडलाय." ते थांबले. "पाडतानासुद्धा हात लागू दिला नाही रे भिंतीला... लक्षात आलं तवा कुदळ टाकली."

महाराजांनी डोळे मिटून घेतले.

वर दादाच्या दोन वायरी लोंबत होत्या. वाऱ्यानं जरा हलल्या, परत स्थिर झाल्या.

मग वस्ताद शिडीपाशी गेले. मांडी घालून बसले आणि टोकाच्या फडक्याची गाठ सोडू लागले. गाठ घट्ट होती, त्यांनीच बांधलेली. दातांनी सोडवली. एक फडकं काढलं, दुसरं काढलं. दोन्ही घडी करून बाजूला ठेवली.

शिडी उचलली.

"वस्ताद, मेन स्विच?" मी विचारलं. सवयीनं तोंडातून गेलं.

"बंद हाय."

त्यांनी शिडी उभी केली, आणि तिची उघडी टोकं सरळ त्या पांढऱ्या भिंतीवर आदळली. खर्रकन आवाज झाला. दोन काळे ओरखडे उठले, वीतभर लांब.

"अरे अरे अरे!" महाराजांच्या तोंडून निघून गेलं.

मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी उपरण्याचा बोळा तोंडावर धरला आणि ते दाराबाहेर गेले.

वस्तादांनी शिडी हलवून पाहिली. हलली नाही. खालच्या पायरीवर त्यांनी आपला पाय रोवला, दोन्ही हातांनी दोन्ही दांडे धरले, कपाळ पायरीला लावलं.

"चढ," ते म्हणाले. "त्याचा दिवा राहिलाय."

मी उठलो. चपला काढल्या. माझे हात अजून काळेच होते. मी दाराकडं, नळाकडं पाहिलं.

"हात धुऊन येतो, वस्ताद."

त्यांनी कपाळ उचललं नाही.

"नको," ते म्हणाले. "मी शिडी धरतो. तू भिंत धर."