आबाजी जमादाराची अब्रू

एका गावात एक भोळा शिपाई होता, आणि पुढे जे झालं त्याला जबाबदार आबाजी जमादार होता. हे आधीच सांगून टाकतो. नांदुरखेड्याची म्हातारी मंडळी अजून सगळं त्या शिपायावर ढकलतात. त्यांचं ऐकू नका.

शिपायाचं नाव हिरामण. आबाजीचा सख्खा पुतण्या. आबाजीनंच त्याला चौकीत चिकटवला, कारण प्रश्न विचारणारा माणूस त्याला तिथं नको होता. झडतीच्या नियमांचं पुस्तक चौकीत होतं. टेबलाच्या लंगड्या पायाखाली. महिनाअखेर मोठे साहेब तपासणीला येणार होते. तक्रार नसली तर आबाजी फौजदार होणार होता. काकूनं शेजारणींना पेढेसुद्धा कबूल केले होते.

पहिल्या दिवशी गूळ चोरला म्हणून सुपडूला आणलं.

"आत घालायच्या आधी झडती घे," आबाजी म्हणाला. "अंगावर काही ठेवू नकोस."

हिरामणनं काही ठेवलं नाही. करगोटासुद्धा नाही. बाजाराचा दिवस होता आणि कोठडीचे गज रस्त्याकडे होते. अर्ध्या तालुक्यानं सुपडू पाहिला.

आबाजीनं हिरामणच्या डोक्यात टपली मारली. "अरे बैला, पट्टा, नाडी, दोरी काढायची, म्हणजे आत जीव देणार नाही. बाकी माणसाला अब्रू असते. पडदा लावून झडती घ्यायची."

"बरं काका," हिरामण म्हणाला, आणि त्यानं ते पाठ केलं. चांदीचा करगोटा आबाजीनं 'जपून' ठेवला.

दुसऱ्या आठवड्यात शेवंताबाईला आणलं. तिनं दिराच्या डोक्यात कळशी घातली होती. हिरामणनं पडदा लावला, स्वतः पडद्याआड गेला आणि म्हणाला, "बाई, हात वर करा."

बाईनं एकच हात वर केला. तो हिरामणच्या गालावर उतरला.

"पडदा लावला होता काका," हिरामण गाल धरून म्हणाला.

आबाजीनं दुसऱ्या बाजूला टपली मारली. "बाईची झडती बाईनं घ्यायची, गाढवा. जा, तुझ्या काकूला बोलाव."

"बरं काका." हेही पाठ झालं. काकूनं झडती घेतली. शेवंताबाईची नथ आबाजीनं 'जपून' ठेवली.

मग चोरीची म्हैस पकडून आणली. हिरामणनं तिला खालून वरून पाहिलं. बाईच होती. तो पळत घरी गेला. काकू भाकऱ्या थापत होती.

"काकू, चला. बाईची झडती आहे."

आबाजीचं धोतर पडदा म्हणून बांधलं. पिठाच्या हातानं काकू आत गेली. आत काय झालं ते दिसलं नाही, पण आधी काकू बाहेर आली, मग धोतर, मग म्हैस.

"तिला विचारून बघायचंस की, काही लपवलंय का," आबाजी दात खात म्हणाला. टपली बसली. "जनावराची कसली झडती? माणसाची घ्यायची. कोठडीचा उंबरा ओलांडेल त्या माणसाची. मग तो कुणी का असेना."

"कुणी का असेना," हिरामणनं पाठ केलं.

चार दिवसांनी अजून कोठडीतच असलेल्या सुपडूला ताप भरला. डॉक्टर आले. हिरामणनं त्यांना उंबऱ्यावर थांबवलं, पडदा लावला, सुई घेतली, नळी घेतली, घड्याळ घेतलं. पट्टाही घेतला. डॉक्टरांनी एका हातानं पँट धरून दुसऱ्या हातानं सुपडूची नाडी पाहिली. निघताना घड्याळ काही सापडलं नाही.

"मी साहेबांना लिहिणार," डॉक्टर म्हणाले.

आबाजी लगेच शहाणा झाला. असली माणसं दुसऱ्यासमोर नेहमी शहाणी होतात. "हिरामण, झडतीला दोन पंच बोलवायचे. आधी आपली झडती त्यांना द्यायची, म्हणजे आपण काही घुसवलं असं कुणी म्हणत नाही. मग निघेल ते मोठ्यानं वाचून कागदावर लिहायचं. साहेब आले की असंच करून दाखव."

"बरं काका."

साहेब आले. वही पाहिली, कोठडीकडे वळले. आबाजी पुढे धावला.

"या साहेब, बघा कशी स्वच्छ ठेवलीय," म्हणत त्यानं उंबरा ओलांडला.

"थांबा काका," हिरामण म्हणाला.

चहावाला गेनू आणि पोस्टमन पंच झाले. हिरामणनं आधी आपली झडती दिली. अर्धी भाकरी आणि कांदा निघाला. मग पडदा लावला.

"मूर्खा, मी तुझा काका आहे," पडद्याआडून आवाज आला.

"कुणी का असेना," हिरामण म्हणाला. मग मोठ्यानं वाचू लागला. "एक. डॉक्टरांचं घड्याळ, चालू. दोन. सुपडूचा करगोटा, चांदीचा. तीन. शेवंताबाईची नथ, एक मोती पडलेला."

साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. "पडदा बाजूला कर."

"नाही साहेब. काकांना अब्रू आहे."

हिरामणनं पंचांच्या सह्या घेतल्या, काकाला कुलूप लावलं आणि गजांतून हळूच विचारलं, "काका, या वेळी काही चुकलं का?"

यादीत चौथा आबाजीचा पट्टा होता. तो साहेबांनी नेला. फौजदारकी राहिली बाजूला, आबाजीची एकोणतीस वर्षांची नोकरी गेली.