जीप आणि मागचा ट्रेलर

रस्ते कच्चे होते त्या काळात एक उघडी जीप लांबच्या प्रवासाला निघाली. मागे छोटा ट्रेलर जोडलेला होता. "मी ओढते म्हणून तुला जग दिसतं," असं ती वाटभर ऐकवायची. ट्रेलर निमूट धूळ खात यायचा.

घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला. वळायला जागा नव्हती, म्हणून जीप रिव्हर्समध्ये निघाली. तिने चाकं डावीकडे वळवली, तर ट्रेलर उजवीकडे दरीच्या काठाला गेला.

"माझं ऐकत का नाहीस?" जीप खेकसली.

"आता पुढे मी आहे," ट्रेलर म्हणाला. "मी पडलो तर तूही येशील. जरा पुढे घे, मग चाकं उजवीकडे वळव."

जीपने मुकाट्याने ऐकलं. मोकळ्या जागेत ती वळली आणि पुन्हा पुढे झाली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "धूळ फार उडतेय का रे?"